खोटं असतं तर

नर्सनं तिसऱ्यांदा माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. आधी दोनदा डाव्या, आता उजव्या. हात सैल सोडा आणि बोलू नका, असं ती म्हणाली. मी बोलत नव्हतेच. पट्टा फुगला, दंड आवळला गेला, मग हळूहळू सुटला. पहिल्या वेळी तिनं आकडा मोठ्यानं सांगितला होता. दुसऱ्या वेळी, जिना चढून आलात का, घाबरलात का, असं विचारलं होतं. या वेळी तिनं आकडा केसपेपरवर लिहिला आणि काही न बोलता डॉक्टरांकडे गेली. जाताना दार उघडंच राहिलं.

दाराबाहेरच्या बाकावर माझी आई आणि धाकटा भाऊ सन्मती बसले होते. माझे यजमान भरतेश भिंतीला टेकून उभे होते. दवाखान्यात त्यांना बसवत नाही. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, आणि सन्मतीला माझी एक किडनी द्यायला कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात आले होते. या गोष्टीला आता बारा वर्षं झाली.

सन्मती माझ्याहून तीन वर्षांनी लहान. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी. तो गावाजवळच्या सूतगिरणीत फिटर होता. अंगानं उंच, काटक. व्हॉलीबॉलमध्ये जाळ्याजवळ उडी मारून चेंडू हाणण्यात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. तो बावीसचा असताना गिरणीत सगळ्या कामगारांची तपासणी झाली, तेव्हा त्याचं बीपी खूप वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सकाळी उठल्यावर त्याचं डोकं दुखायचं, ते गोळ्यांनी थांबलं. काही महिने त्यानं त्या नेमानं घेतल्या.

मग त्याच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. आई म्हणाली की मुलीकडचे लोक घरात येणार, एवढ्याशा पोराला कसल्या गोळ्या असं विचारणार, आणि आता तर डोकंही दुखत नाही. सन्मतीनं गोळ्या बंद केल्या. आम्हाला कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. बीपी म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं दुखणं, अशीच आमची समजूत. खरं तर आमचे अण्णा, म्हणजे वडील, चव्वेचाळिसाव्या वर्षी दूध संस्थेत काम करता करता खाली पडले होते. उजवी बाजू गेली, आणि सांगलीच्या दवाखान्यात त्यांनी प्राण सोडला. गावात सगळे म्हणाले, अंगावरून वारं गेलं. आम्हीही तेच म्हणत आलो. वाऱ्याला कारण काय, हे कुणी विचारत नाही.

गोळ्या सुटल्यावर चार वर्षांनी सन्मतीचे पाय सुजू लागले. जेवण नकोसं झालं, उलट्या सुरू झाल्या. तपासलं तेव्हा दोन्ही किडन्या आक्रसून गेलेल्या होत्या. बीपीमुळे किडन्या गेल्या, की किडन्या आधीच बिघडल्या होत्या म्हणून बीपी वाढलं होतं, हे आता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण गोळ्या चालू राहिल्या असत्या तर बरीच वर्षं मिळाली असती, हेही त्यांनी सांगितलं. आई तेव्हा शेजारीच होती. तिनं नुसती मान हलवली.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. ठरलेली सोयरीक मोडली. किडनी द्यायला सगळ्यात आधी आईनं स्वतःची तपासणी करून घेतली, पण तिचा रक्तगट बी, सन्मतीचा ओ. माझा ओ.

सासरी हा विषय काढणं सोपं नव्हतं. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्ती म्हणतो, वाईट बाई नव्हत्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की माझी मुलगी पूर्वा पाच वर्षांची आहे, उद्या तिच्या आईला काही झालं तर काय करायचं. आईला हे कळलं तेव्हा ती आमच्या घरी आली आणि आत्तींसमोर तिनं पदर पसरला. आत्ती उठून आत गेल्या. त्या दिवशी दोघी विहिणींचं मन एकमेकींवरून उडालं ते उडालंच. शेवटी भरतेश आपल्या आईला म्हणाले, "माझा भाऊ असता तर मी कुणाला विचारायला थांबलो असतो का?" आणि माझ्यासोबत कोल्हापूरला यायला तयार झाले.

त्या दिवशी नर्स माझा कागद घेऊन ज्यांच्याकडे गेली, ते डॉक्टर हुद्दार पन्नाशीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला आत बोलावून स्वतःच्या हातानं पुन्हा बीपी पाहिलं. पूर्वी कधी वाढलं होतं का, असं विचारलं. पूर्वाच्या वेळी नवव्या महिन्यात वाढलं होतं, असं मी सांगितलं. बाळंतपणानंतर उतरेल असं तेव्हाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मग उतरलं का? मला माहीत नव्हतं. त्यानंतर कुणी पाहिलंच नव्हतं. पाच वर्षं मी पतसंस्थेत नोकरी करत होते, सायकलवरून ये-जा करत होते, घरातलं सगळं करत होते. दंडाला पट्टा लावायची वेळच कधी आली नाही.

एका दिवसाच्या आकड्यावर मी काही ठरवत नाही, असं ते म्हणाले. कमरेला अडकवायचं एक छोटं यंत्र त्यांनी माझ्यावर चढवलं. त्याची नळी दंडाच्या पट्ट्याला जोडलेली होती आणि दर अर्ध्या तासानं पट्टा आपोआप फुगायचा. ते घेऊन मी सांगलीला घरी आले. भाकरी थापताना पट्टा फुगला की हात तसाच अधांतरी धरून थांबायचं. पूर्वाला त्याची गंमत वाटत होती. आत्ती लांबून बघत होत्या आणि काही विचारत नव्हत्या.

यंत्र परत दिलं, रक्त दिलं, लघवी दिली. पुढच्या आठवड्यात आई आणि सन्मती पुन्हा बाहेरच्या बाकावर होते, आणि डॉक्टरांनी मला आणि भरतेशना आत बोलावलं.

"तुमचं बीपी दिवसाही वाढलेलं आहे आणि झोपेतही," डॉक्टर म्हणाले. "भीतीनं वाढलेलं झोपेत उतरतं. लघवीतून प्रथिनंही जायला लागलीत. थोडीच आहेत, पण आहेत. तुमची किडनी मी घेऊ शकत नाही."

मी म्हटलं की गोळ्या घेऊन बीपी उतरवते, मग घ्या.

"तुम्ही साठीच्या असता तर कदाचित विचार केला असता. तुमच्यापुढं अजून पन्नास वर्षं आहेत. ती काढायला तुम्हाला दोन्ही लागणार आहेत." मग ते थोडं थांबले. "एक काढली तर भाऊ उभा राहील. आणि काही वर्षांनी त्याच्याच पलंगावर मी तुम्हाला बघेन. ते मी करणार नाही."

भरतेशनी विचारलं की हिला आता काय करावं लागेल. रोज एक गोळी, मीठ कमी, चालणं, आणि गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही, असं उत्तर मिळालं. मी ऐकत होते, पण माझ्या डोक्यात बाहेरचं बाक होतं. डॉक्टरांनाही ते कळलं असावं. दाता का चालत नाही याचं कारण आम्ही कुणाला सांगत नाही, तुम्हाला सांगायचं नसेल तर आम्ही फक्त 'योग्य नाही' म्हणू, असं ते म्हणाले. मी म्हटलं, लपवण्यासारखं काय आहे, मीच सांगते.

बाहेर येऊन मी आईसमोर उभी राहिले आणि सांगितलं. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"बीपी? तुला?"

"हो."

"कालपरवापर्यंत धडधाकट होतीस."

मी पूर्वाच्या वेळचं सांगू लागले. तिनं मधेच हात आडवा केला. "ते पोटुशीपणातलं. ते सगळ्या बायकांना होतं." मग तिची नजर माझ्यावरून सरकून भरतेशवर गेली आणि तिथंच थांबली. "द्यायची नव्हती तर तसं सांगायचं होतं. डॉक्टरला कशाला मधी घातलंसा?"

भरतेशचा चेहरा उतरला, आणि ते जिन्याकडे निघून गेले. आजूबाजूचे लोक बघत होते.

"आई, गप," सन्मती म्हणाला.

"मी कशाला गप? घरनं शिकवून धाडलंय हिला. हिच्या सासूनं मला त्याच दिवशी दार दाखवलं होतं."

सन्मती उठला. त्याला उठायलाही बाकाचा आधार लागत होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अक्का, तू घरी जा. पूर्वा वाट बघत असंल." त्या दिवशी ते दोघं एका गाडीनं गेले आणि आम्ही दुसऱ्या गाडीनं.

भरतेशनी वाटेतच औषधाच्या दुकानातून गोळ्या घेतल्या होत्या. त्या मी कपाटात ठेवून दिल्या. एकदा गोळी सुरू केली की मी कायमची रोगी, आणि रोग्याची किडनी कुणी घेत नाही, असं माझ्या मनानं घेतलं होतं. पण गोळीशिवाय बीपी उतरवून दाखवलं तर? डॉक्टर म्हणालेच होते की एका दिवसाच्या आकड्यावर ते काही ठरवत नाहीत. महिनाभरानं पुन्हा जायचं, यंत्र पुन्हा लावून घ्यायचं, आणि आईसमोर उभं राहायचं.

मी मीठ पूर्ण सोडलं. आमटीत नाही, भाकरीत नाही, काहीच नाही. लोणचं-पापडाकडे बघणं बंद केलं. पहाटे उठून बांधावरून भराभर चालून यायचं, मग घरातली कामं, मग पतसंस्था. एक दिवसाआड एकवेळ जेवायचं. मंदिरात जाऊन जप करायचा. भरतेशनी दोन-चारदा गोळ्यांचं काढलं. मी महिनाभर थांबा म्हटलं. ते चिडले, बोलणं सोडलं, पुन्हा धरलं. आत्तींनी एकदा माझ्या पानात न विचारता मीठ वाढलं, आणि मी ते बाजूला काढलेलं पाहून म्हणाल्या की भावासाठी मरायला निघाली आहेस, पण तुझी पोर आम्ही कुणाच्या दारात ठेवायची.

आठवड्यातून एकदा मी आमच्या पेठेतल्या डॉक्टरांकडे जाऊन बीपी बघून यायचे. पहिल्या आठवड्यात आकडा थोडा उतरला. मला केवढा आनंद झाला होता! घरी येताना मी पूर्वाला फुगा घेतला. दुसऱ्या आठवड्यात तो होता तिथंच. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यापेक्षा वर. पेठेतले डॉक्टर म्हणाले की मीठ आणि चालणं चांगलंच आहे, पण तुमच्या अंगातच आहे त्याला गोळीशिवाय इलाज नाही. मी बरं म्हणून उठले. सकाळी डोकं मागच्या बाजूनं ठणकायचं, मानेपासून वर. ते मी कुणाला सांगितलं नाही.

सन्मतीचं डायलिसिस जयसिंगपूरला होत असे. कोल्हापूरच्या त्या दिवसापासून मी तिकडे गेले नव्हते. फोनवर त्याच्याशी बोलायचे, आई फोन घ्यायची नाही. शेवटी एका दिवशी पतसंस्थेत रजा टाकून मी गेले.

हॉलमध्ये पाच-सहा पलंग आणि प्रत्येकाशेजारी एकेक यंत्र. सन्मती खिडकीजवळच्या पलंगावर होता. त्याच्या डाव्या हातातून दोन नळ्या निघून यंत्रात जात होत्या आणि रक्त त्यातून फिरत होतं. त्या हाताची शीर दोरीसारखी फुगलेली होती. याच हातानं तो चेंडू उचलायचा. आई पायथ्याशी स्टुलावर बसली होती. मला पाहून तिनं स्टूल थोडं सरकवलं, पण बोलली सन्मतीशी. म्हणाली, "चहा घेणार का विचार तिला."

मी नको म्हटलं. सन्मती गिरणीतल्या गमती सांगू लागला. पाणी दिवसाला किती प्यायचं ते ठरलेलं असल्यानं तहान लागली की तो बर्फाचा खडा तोंडात धरायचा, आणि गिरणीतली पोरं त्याला बर्फवाला म्हणायची. मी हसले. हसताना डोक्यात कळ आली आणि मी नकळत मानेमागे हात नेला.

सन्मती बोलायचा थांबला.

"अक्का, सकाळी उठल्या उठल्या मागनं दुखतं का?"

"नाही. जागरण झालं असेल."

"मानेपासून वर चढतं? वाकलं की जास्त?"

मी हात खाली घेतला. त्यानं यंत्रं सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला हाक मारली. तो पलीकडच्या पेशंटजवळ होता. त्याचं झाल्यावर इकडे या आणि हिचं बीपी बघा, असं सन्मतीनं त्याला सांगितलं. मी उठायला लागले. त्यानं मोकळ्या हातानं माझं मनगट धरलं. त्याच्या हातात पूर्वीसारखी ताकद नव्हती. मी सहज सोडवून घेतलं असतं. मी बसले.

तंत्रज्ञ आला आणि त्यानं सन्मतीच्याच यंत्राचा पट्टा काढून मला लावला. यंत्राचा आकडे दाखवणारा पडदा आईच्या बाजूला होता. आकडा वर चढत गेला, उतरू लागला आणि थांबला. वरचा एकशे ब्याण्णव, खालचा एकशे अठरा. गेले पाच महिने आई तो पडदा बघत आली होती. कुठला आकडा चांगला आणि कुठला वाईट, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तंत्रज्ञ डॉक्टरांना बोलवायला गेला.

"गोळी घेतेस ना?" सन्मतीनं विचारलं.

मी मान खाली घातली. मग सगळं सांगून टाकलं. मीठ सोडलंय, चालतेय, महिन्यानं पुन्हा जाणार आहे, गोळी सुरू केली तर डॉक्टर पुन्हा बघणारही नाहीत. आईकडे न बघताच बोलत होते, पण सांगत होते तिलाच.

सन्मतीनं ऐकून घेतलं.

"मला तुझी किडनी नको," तो म्हणाला. "आता डॉक्टर हो म्हणाले तरी नको. लिहून देतो पायजे तर."

"सन्मती—"

"ऐक. गोळ्या घेत होतो तेव्हा मला काही होत नव्हतं. सोडल्या तेव्हाही काही झालं नाही. चार वर्षं उड्या मारत होतो, मला वाटलं जिंकलो मी. अक्का, हे दुखतच नाही गं. दुखतं तेव्हा सगळं संपलेलं असतं." त्याला दम लागला होता. तो थोडा वेळ डोळे मिटून पडला, मग म्हणाला, "माझं काय व्हायचं ते होईल. पण आईनं अण्णांचं केलं, माझं करंल. तुझंही तिलाच करायला लावू नकोस."

आई उठली. स्टुलाचा पाय फरशीवर घासला गेला. ती बाहेर व्हरांड्यात गेली आणि आमच्याकडे पाठ करून कठड्याला धरून उभी राहिली. तिच्या मागे जावं असं मला वाटलं, पण एवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी मला शेजारच्या रिकाम्या पलंगावर आडवं केलं, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, हातापायांची ताकद बघितली, एक गोळी दिली आणि तासाभरानं पुन्हा बघू म्हणाले. असे आम्ही दोघं भावंडं दुपारभर शेजारी शेजारी पडून होतो. तो छताकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे.

संध्याकाळी भरतेश न्यायला आले. आईनं त्यांना, आलासा, बसा, एवढंच म्हटलं. त्या दिवसापासून मी गोळी कधी चुकवली नाही. पुढं एकीच्या दोन झाल्या. पुन्हा मीठ घालायला लागले, पण बेतानं.

सन्मती त्यानंतर तीन वर्षं जगला. दुसऱ्या कुणाची किडनी मिळावी म्हणून त्याचं नाव यादीत लावलं होतं. एकदा फोन आला, आम्ही धावत पुण्याला गेलो, पण ती किडनी यादीतल्या दुसऱ्या माणसाला जास्त जुळली. परत येताना तो म्हणाला की त्या माणसाला दोन लहान पोरं आहेत, मी बाहेर त्यांना बघितलं, बरं झालं. डायलिसिस नसेल त्या दिवशी तो गिरणीत जायचा. काम होत नसे, पण नव्यानं लागलेल्या वीस-बावीस वर्षांच्या पोरांना पकडून तो दवाखान्यात बीपी बघायला न्यायचा. पोरं टिंगल करायची, तरी जायची. त्यातल्या दोघांचं वाढलेलं निघालं. त्या दोघांच्या घरी जाऊन त्यांच्या आयांना तो काय सांगत असे, ते मला माहीत नाही. पण सन्मतीला शेवटचं नेलं तेव्हा ती दोन्ही पोरं पुढं होती.

तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत तो गेला.

आई त्या काळात माझ्याशी बोलत होती. घरचं, पूर्वाच्या शाळेचं, नात्यातल्या लग्नांचं, सगळं बोलायची. भरतेशचं ती आधीपेक्षा जास्त करायची. ते आले की त्यांच्यासाठी मुद्दाम खपली गव्हाची खीर व्हायची. पण कोल्हापूरच्या दवाखान्याचं नाव तिनं कधी काढलं नाही, आणि मीही काढलं नाही.

सन्मतीला जाऊन वर्ष झालं तेव्हा गावच्या मंदिरात पूजा ठेवली होती. पाहुणे दुपारी गेले. भरतेश पूर्वाला घेऊन नदीकडे गेले होते. मी आणि आई परसात बसलो होतो. धुतलेली मोठी भांडी उन्हात पालथी घातली होती. आईनं एक भांडं उगाच फिरवून ठेवलं. मग म्हणाली, "त्या दिवशी कोल्हापुरात मी तुला नाही नाही ते बोलले. जावईबापूंनाबी."

"सोड आता ते."

"मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"तू खरं बोलतीस ते." ती भांड्यांकडे बघत होती. "आधीच्या खेपेला तुझं तीनदा बीपी बघितलं तवा दार उघडं राहिलं होतं. ती नर्स कागद घेऊन आत चालली, तिचं तोंड मी बघितलं. तुझ्या अण्णांना सांगलीला नेलं तवाची नर्सबी तसंच तोंड करून बाहेर आली होती. मला तिथंच कळलं."

मी तिच्याकडे बघत राहिले. चार वर्षं मी मनातल्या मनात तिला पटवून देत होते. डॉक्टरांचे शब्द, यंत्राचे आकडे, नवव्या महिन्यातलं सगळं, परत परत. तिच्याशी भांडायला मी काय काय जमवून ठेवलं होतं.

"मग तसं का बोललीस?"

आईनं पदरानं तोंड पुसलं. "तुझे अण्णा गेले. सन्मती बाकावर बसलेला. त्याच्या गोळ्या मी बंद करायला लावल्या. आणि आता तूबी. पोरी, तू खोटं बोलत असतीस तर काय झालं असतं? तू सासरची झालीस, मला विसरलीस, एवढंच ना? मी तुला जन्मभर शिव्या घातल्या असत्या. पण कुठंतरी धडधाकट राहिली असतीस." तिचा आवाज बारीक झाला. "म्हणून मला ते खोटंच पायजे होतं. चार लोकांदेखत खोटं म्हटलं की खोटं होईल, असं वाटलं मला."

शेजारच्या परसात कुणीतरी लाकडं फोडत होतं. मी सरकून तिच्याजवळ बसले.

"धडधाकट आहे मी," मी म्हणाले. "मागच्या महिन्यात सगळं तपासून आले. बीपी ताब्यात आहे. लघवीतून प्रथिनं जायची थांबलीत. डॉक्टर म्हणाले, अशाच राहा."

आईनं माझ्याकडे वळून पाहिलं. कितीतरी वेळ बघत होती, आधी तोंडाकडे, मग हातांकडे, मग पुन्हा तोंडाकडे. ती रडली नाही. ऊन भिंतीवरून वर सरकलं होतं. आमच्याकडे दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, आणि आईनं तो नेम कधी मोडलेला नाही. गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

"चल," म्हणाली, "उजेड आहे तवर दोन घास खाऊन घे. उपाशीपोटी गोळी घ्यायची न्हाई."